दोन-आठ-दोन

शनिवारी सकाळी थोरल्या मुलाची, प्रबुद्धची गाडी मळ्याच्या रस्त्याला लागली तेव्हा आबा, म्हणजे सोपान रोकडे, इस्त्रीचा निळा शर्ट घालून पडवीत बसले होते. गाडी कोणाची ते त्यांनी आवाजावरून ओळखलं. उजवा डोळा काचबिंदूने दिवाळीआधीच गेला होता, आणि डाव्याने आता नळीतून बघावं एवढंच दिसत होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी प्रबुद्धला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आहे ते पावसाळ्यापर्यंत टिकेल असं धरून चालू नका. म्हणून तर निरगुडसरच्या या मळ्यावर सगळ्यांनी जमायचं ठरलं होतं. धाकट्या संघर्षने दोन वर्षं खपून बनवलेलं इंजिन आबांना दिसतंय तोवर रुळांवर धावायला हवं होतं.

इंजिन मांडीइतक्या उंचीचं होतं, पण खेळण्यातलं नव्हतं. त्याला कोळशाची भट्टी होती, पाण्याच्या दाबाने तपासून घेतलेला बॉयलर होता, आणि मागच्या टेंडरवर, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्यावर, उशी टाकून एक माणूस बसू शकत होता. डाळिंबाच्या बागेतून निघालेले वीतभर रुंदीचे रूळ विहिरीला वळसा घालून परत मळ्यातल्या शेडपाशी येत होते. मंचरला संघर्षचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. ग्रिल, गेट आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करून उरलेल्या वेळात त्याने हे केलं होतं. शेडवर डांबर फासून तो आला तेव्हा बहिणीने, प्रतीक्षाने, त्याच्याहून धाकटी असूनही दटावायच्या सवयीने त्याला आधी हात धुवायला पाठवलं. ती राजुरीहून सकाळच्याच एसटीने आली होती आणि येताना सगळ्यांसाठी मासवडी करून घेऊन आली होती.

प्रबुद्धच्या मनात आणखी एक गोष्ट होती. इंजिन झालं की आबा आणि आईला पुण्याला, आपल्या फ्लॅटवर घेऊन जायचं. विमा कंपनीतल्या नोकरीतून तो दोन महिन्यांत निवृत्त होणार होता. डोळ्यांचा दवाखाना जवळ, लिफ्ट होती, खाली चालायला बाग. बायकोशी बोलणं झालं होतं. प्रतीक्षालाही त्याने फोनवर सांगितलं होतं आणि तिने होकार दिला होता. संघर्षला मात्र अजून कोणी काही सांगितलं नव्हतं.

प्रबुद्धची मुलगी साक्षी गाडीतून उतरली ती सरळ आबांकडे गेली. त्यांचा हात धरून ती त्यांना शेडमध्ये घेऊन आली, आणि मग तिला हात धरायची गरज उरली नाही. आबा इंजिनाच्या बाजूला खाली बसले आणि बोटांनी चाकं चाचपू लागले. पुढचं एक लहान. मग मोठी चार. मागे पुन्हा एक लहान.

"दोन्ही बाजू धरून दोन, आठ, दोन," ते म्हणाले. "म्हंजी डब्ल्यूजी. माझं इंजिन."

साक्षीला हे हिशेब आता पाठ झाले होते. लहानपणी सुट्टीत ती आली की आबा तिला दौंडच्या लोको शेडच्या गोष्टी सांगायचे. शेडमध्ये ते पोरसवदा वयात इंजिन पुसायला लागले, मग कोळसा टाकणारे फायरमन झाले, मग मालगाडीचे ड्रायव्हर. पुढची लहान चाकं वळणावर इंजिनाला वाट दाखवतात. मधली मोठी चाकं ओढतात. मागची लहान चाकं भट्टीचं ओझं पेलतात. मेलगाडीच्या डब्ल्यूपी इंजिनाला पुढे चार, मध्ये सहा, मागे दोन. त्याची मोठी चाकं सहाच पण उंच, म्हणून ते पळायचं. डब्ल्यूजीची आठ आणि बुटकी, म्हणून ते हजार टनांची गाडी घेऊन चढ चढायचं. नाकावर चांदणी असलेल्या डब्ल्यूपीचे लोक फोटो काढायचे. आबा म्हणायचे, फोटो त्याचे काढा, पण तुमचा गहू आणि तुमचा कोळसा माझं इंजिन आणतंय.

साक्षीने पुढे स्वतःही वाचलं होतं. चाकं अशी मोजायची पद्धत एका अमेरिकन माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी घातली. दोन-आठ-दोनची पहिली मोठी मागणी जपानने नोंदवली म्हणून या रचनेला मिकाडो म्हणू लागले, म्हणजे तिथल्या बादशहाची पदवी. चार-सहा-दोनची इंजिनं अमेरिकेतून समुद्र ओलांडून न्यूझीलंडला गेली म्हणून ती पॅसिफिक. फ्रान्सवाले चाकं मोजतच नाहीत, दोन चाकांना जोडणारे आस मोजतात, त्यांच्या लेखी हे एक-चार-एक. हे शेवटचं तिने सांगितलं तेव्हा आबांना पटलं नव्हतं. माणूस रुळाकडेला उभा राहिला तर त्याला चाक दिसतं, आस कुठं दिसतो, असं ते म्हणाले होते.

संघर्षला खरं तर सहा मोठ्या चाकांचं इंजिन करायचं होतं. विहिरीजवळचं वळण फार आखूड होतं. एका अंगाला विहिरीचा कठडा आणि दुसऱ्या अंगाला शेजाऱ्याचा बांध, त्यामुळे रूळ सरकवायला जागा नव्हती. आठ चाकांचा लांब सांगाडा तिथे वळेल का, अशी शंका त्याला सुरुवातीपासून होती. आबांना त्याने विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सहाचं कर की. चांगलंच व्हईल. पर ते माझं न्हाई व्हनार." मग संघर्षने आठ केली.

दुपारी जेवणाआधी सगळे घरात जमले. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे प्रतीक्षाने मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील झालं आणि सगळे बागेत आले. संघर्षने पहाटेपासून भट्टी पेटवून वाफ धरली होती. आबा टेंडरवर बसले. त्यांचा हात वाफ सोडणाऱ्या रेग्युलेटरच्या दांड्यावर गेला, आणि ऐंशी ओलांडलेल्या त्या माणसाची पाठ ताठ झाली. ते पाहून प्रतीक्षाने नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. शिट्टी वाजली. इंजिन एकदा जागच्या जागी फुसफुसलं आणि निघालं.

सरळ रुळांवर ते छान गेलं. डाळिंबाच्या ओळीतून वाफ दिसत राहिली आणि साक्षी बाजूने पळत राहिली. विहिरीच्या वळणाला पुढची लहान चाकं वळली, पहिलं मोठं चाक वळलं, आणि दुसऱ्या मोठ्या चाकाची कड रुळावर चढली. कड म्हणजे चाकाच्या आतल्या बाजूची उभी पट्टी, ती चाकाला रुळावरून घसरू देत नाही. इथे तीच रुळावर चढली. इंजिन खाली उतरलं, तिरपं झालं आणि आबा टेंडरवरून बांधाच्या अंगाला पडले.

संघर्षने आधी भट्टीतला विस्तव खाली ओढला, कारण तिरप्या बॉयलरमधलं पाणी एका अंगाला गेलं तर तो फुटला असता. तोवर प्रबुद्धने आबांना उचललं होतं. गुडघा सोलला होता आणि मनगट दुखत होतं, बाकी काही नव्हतं. पण ज्या बाजूला आबा पडले त्याच्या उलट बाजूला विहीर होती, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"वळणार नाही हे तुला माहीत होतं," तो संघर्षला म्हणाला.

"वाटत व्हतं. माहीत नव्हतं."

"दिसत नसलेल्या माणसाला तू त्यावर बसवलंस. बास झालं आता हे. मी दोघांना पुण्याला नेतोय, येत्या आठवड्यात. प्रतीक्षालाही माहीत आहे."

संघर्षने बहिणीकडे पाहिलं. तिने फोन खाली केला. फोनवर म्हणाली होती ते तिला आता इतक्या सहज म्हणता आलं नाही. म्हातारपणी दवाखाना जवळ असलेला बरा, असं काहीतरी ती अर्धवट बोलली आणि आबांचा गुडघा धुवायला पाणी आणते म्हणून घरात निघून गेली. संघर्षने इंजिनाखाली पहार घातली आणि एकट्यानेच ते उचलून रुळांवर घ्यायला लागला. साक्षीने बापाकडे एकदा पाहिलं आणि काकाशेजारी उभं राहून पहारीला हात लावला.

घरात द्रौपदाबाईंनी नवऱ्याच्या गुडघ्याला हळद लावली. लग्न होऊन त्या दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेल्या तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या होत्या. इंजिनाचं त्यांना कधीच कौतुक नव्हतं. त्याने कपडे काळे केले, सणावाराला माणूस घरातून नेला, आणि परत कधी आणून सोडेल त्याचा नेम नव्हता. मालगाडीला वेळापत्रक नसतं. भाकरी टोपलीत घालून वाट पाहायची एवढंच त्यांच्या हातात असे. तरी आज रेग्युलेटरला हात लागल्यावर नवऱ्याची पाठ कशी ताठ झाली ते त्यांनीही पाहिलं होतं.

"प्रबुद्ध नेतो म्हनतोय पुन्याला," त्या म्हणाल्या.

"ऐकलं."

"मंग?"

आबांनी दुखरं मनगट चोळलं. मग म्हणाले की इथे डोळे मिटूनही मोरी कुठे, गोठा कुठे, विहीर कुठे हे त्यांना कळतं. तिथे चौथ्या मजल्यावर सगळं नव्याने शिकायचं, तेही दिसत नसताना. पण पोरगा मायेने म्हणतोय, त्याला नाही कसं म्हणायचं. आणि मग त्यांनी असं काही विचारलं जे साठाहून जास्त वर्षांच्या संसारात क्वचितच विचारलं होतं.

"तुला काय वाटतं?"

द्रौपदाबाईंनी हळदीची बोटं पुसली. पुण्यात मोठ्या मुलाकडे सगळं होतं, सुनेचा स्वभाव गोड होता, आणि गुडघे त्यांचेही दुखत होते. "इचार करते," म्हणून त्या हळदीची वाटी घेऊन उठल्या.

ऊन कलायला लागलं तेव्हा प्रबुद्ध शेडकडे गेला. भांडण मिटवायला नव्हे, राहिलेलं बोलायला. संघर्ष जमिनीवर आडवा होऊन चाकं जोडणारे दांडे सोडवत होता. दोन मोठी चाकं त्याने आधीच बाहेर काढून गोणपाटावर ठेवली होती.

"काय करतोयस?"

"एक जोड काढतोय. सहा राहतील. सहा वळतात, ट्रॉलीवर ठेवून बघितलं मी." संघर्षने वर पाहिलं नाही. "न्यायच्या आधी एक फेरी व्हईल त्यांची. तेवढं तरी होऊ दे."

प्रबुद्ध गोणपाटावरच्या चाकांकडे बघत राहिला. एकेक चाक संघर्षने ओतीव लोखंडातून कातून काढलं होतं. आरे घासून गुळगुळीत केले होते. प्रबुद्धला दौंडचा उन्हाळा आठवला. तो चार-पाच वर्षांचा होता, आबांनी त्याला खांद्यावर घेऊन शेडमध्ये नेलं होतं आणि उभ्या इंजिनापाशी मोजायला लावलं होतं. एक, दोन, तीन, चार. तो चाक मोजे आणि आबा त्याचा हात त्या चाकावर ठेवत. शाळेत जायच्या आधी तो आकडे असे शिकला होता. संघर्ष तेव्हा जन्मलेला नव्हता. त्याला आबा शेडमध्ये कधी घेऊन गेलेच नाहीत. तो मोठा होईपर्यंत डिझेल आलं आणि वाफेची इंजिनं भंगारात निघाली. दोन वर्षं खपून ज्याने हे इंजिन बनवलं, त्याने खरं वाफेचं इंजिन चालताना कधी पाहिलंच नव्हतं, हे प्रबुद्धच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं.

तो पँटची पर्वा न करता खाली बसला.

"काढू नको," तो म्हणाला. "आबांनी सकाळी मोजलीत ती."

"मग वळणार कसं?"

प्रबुद्धने साक्षीला हाक मारली. दौंडची खरी इंजिनं आखूड वळणावर कशी जायची हे आबांना विचारून यायला सांगितलं. साक्षी जाऊन आली. आबा म्हणाले होते की वळणावर जपून जायचं एवढं त्यांना ठाऊक आहे, चाकं कशी बसवली ते फिटरला ठाऊक, आणि त्यांच्या वेळचे फिटर आता कोणी राहिले नाहीत. एवढं सांगून ती तिथेच घुटमळली. जुन्या इंजिनांच्या इतिहासात तिने एक गोष्ट वाचली होती, पण काकाला हे पटेल की नाही याची तिला खात्री नव्हती. अमेरिकेत आठ-आठ, दहा-दहा मोठ्या चाकांची इंजिनं करायला लागले तेव्हा त्यांना हीच अडचण आली. मग त्यांनी मधल्या चाकांची कड काढून टाकली. चाक सपाट ठेवलं. पुढची आणि मागची चाकं इंजिनाला रुळावर धरून ठेवतात. मधली नुसती रुळावर टेकून ओढतात आणि वळणावर थोडी आडवी सरकतात.

संघर्षने हातातला पाना ठेवला. चाकाची रुंदी मोजली. मग शेडच्या फरशीवर खडूने वळण काढलं, त्यावर चाकं मांडली, मधलं चाक किती सरकेल ते पाहिलं आणि पुन्हा मोजलं.

"चाक रुळावरनं पडत न्हाई," तो म्हणाला. "कडेला बोटभर राहतं. पुरतं." मग जरा थांबून, "पर आबांच्या बोटाला कळणार. फसवलं म्हनतील."

"विचारलं तर खरं सांगायचं," प्रबुद्ध म्हणाला.

रविवारी सकाळी दोघे भाऊ मधल्या दोन जोड्या डिकीत घालून मंचरला गेले. दुकान बंद असायचा दिवस होता. संघर्षने अर्धं शटर उचललं आणि लेथ सुरू केला. चाकाची कड थोडी थोडी करत सोलून खाली पडत होती. प्रबुद्ध तेल सोडायला उभा होता. किती दिवसांनी ते दोघेच एका जागी होते, दोघांनाही आठवत नव्हतं. लेथच्या आवाजात बोलणं सोपं जातं म्हणून असेल, प्रबुद्धने पुण्याचा विषय पुन्हा काढला. आधी तुला सांगायला हवं होतं, असंही तो म्हणाला.

"ने की," संघर्ष म्हणाला. "तुझेबी आईबाप हायेत. तू वाईट कशाला करशील. पर भाऊ, त्यांना इचारून ने. आपन दोघांनी ठरवायचं आन् त्यांनी पिशवी भरायची, असं नको."

प्रबुद्धने मान हलवली. परत येताना त्याने गाडी थांबवून दोघांसाठी उसाचा रस घेतला, आणि लहानपणीसारखा आपल्यातला थोडा धाकट्याच्या ग्लासात ओतला.

चाकं बसवून, वाफ धरून इंजिन तयार झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. पहिली फेरी संघर्षने एकट्याने घेतली. सगळे विहिरीपाशी उभे राहिले. वळणावर इंजिन हळू झालं, मधली चाकं रुळावर किंचित आडवी सरकली, आणि ते पलीकडे निघालं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. प्रतीक्षाने नुसता मोठा श्वास सोडला आणि पदराने डोळे पुसले. प्रबुद्धशेजारी जाऊन ती हळूच म्हणाली की पुण्याचं मी फोनवर उगाच हो म्हणाले. प्रबुद्ध म्हणाला, बघू.

मग साक्षीने आबांना आणलं. ते कालच्यासारखेच बसले आणि बोटं फिरवू लागले. लहान एक. मोठं एक. दुसऱ्या मोठ्या चाकावर त्यांचं बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. संघर्ष त्या बोटाकडे बघत उभा होता.

"कड काढली?"

"व्हय आबा. मधल्या दोन्हींची. न्हाईतर वळत नव्हतं. सहा करणार व्हतो, भाऊ नको म्हनला."

आबांनी उरलेली चाकंही हात लावून पाहिली. मग त्यांनी काळवंडलेला हात वर केला. तो चाचपडत संघर्षच्या दंडापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"आठ हायेत," ते म्हणाले. "लई बारीक काम केलंस, बाळा."

संघर्षचं वय पन्नाशीच्या पुढे होतं. तो काहीतरी बघायचं असल्यासारखा टेंडरच्या मागे गेला, आणि प्रबुद्धही त्याच्या मागोमाग गेला.

आबा टेंडरवर बसले. मागे लाकडी बाकाची एक ट्रॉली जोडली होती. साक्षीला वाटलं आपणच बसायचं, पण आबांनी द्रौपदाबाईंना बोलावलं. त्या संकोचल्या. या वयात काय म्हणून, असं म्हणाल्या. आबा म्हणाले की तीस वर्षं गाडी चालवली आणि बायकोला एकदाही मागे बसवता आलं नाही. मालगाडीत माणसं बसत नाहीत. प्रबुद्धने आईला हात दिला. चपला काढून, लुगड्याचा घोळ गुडघ्याखाली दाबून त्या बसल्या आणि दोन्ही हातांनी बाकाची कड धरली.

"आमच्यात एक रीत व्हती," आबा मान न वळवता म्हणाले. "ड्रायव्हरनं आन् फायरमननं पुढचा सिग्नल एकमेकाला मोठ्यानं सांगायचा. एकानं बघितलेलं चालत न्हाई. मला आता धड दिसत न्हाई. तू सांगत ऱ्हा."

"मला काय कळतंय त्यातलं."

"वाट मोकळी हाय का एवढंच सांगायचं."

शिट्टी झाली. इंजिन डाळिंबात शिरलं. प्रबुद्ध आणि संघर्ष दोन्ही बाजूंनी चालत निघाले, एकाचा हात ट्रॉलीवर आणि दुसऱ्याचा इंजिनाजवळ. द्रौपदाबाईंनी घसा खाकरला.

"मोकळं हाय," त्या म्हणाल्या. "कुत्रं व्हतं, गेलं."

"मोकळं हाय," आबांनी रीतीप्रमाणे मागोमाग म्हटलं.

विहिरीचं वळण आलं. वळण आलं, हळू घ्या, असं त्यांनी सांगितलं आणि आबांनी हळू घेतलं. चाकं सरकली, इंजिन वळलं, आणि समोर शेडपर्यंतचे सरळ रूळ आले. द्रौपदाबाईंनी शेजारी चालणाऱ्या थोरल्या मुलाकडे पाहिलं. त्याच्या केसांत कोळशाची कणी पडली होती, ती त्यांनी हात लांब करून झटकली.

"प्रबुद्धा," त्या म्हणाल्या, "आमी इथंच ऱ्हातो. तू येत जा. दोन महिन्यांनी तुला कुठं हापिस हाय."

प्रबुद्ध चालत राहिला. त्याला वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं आणि थोडं वाटलंही. पण ट्रॉलीवरचा हात त्याने काढला नाही.

"येतो की," तो म्हणाला.

पुढे बसलेल्या आबांना हे ऐकू आलं की नाही ते कळलं नाही. त्यांनी फक्त पाठीमागे विचारलं, "पुढं काय?"

"मोकळं हाय," द्रौपदाबाई म्हणाल्या. "चला."